तुरुंगात वकील पोहोचला कसा?

सौराष्ट्र विद्यापीठात शिकवणाऱ्या एका पीएचडीधारक प्राध्यापकाने डोंबिवलीतल्या एका छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्याकडे धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाचा शिक्का करायला टाकला. सोबत विद्यापीठाने अधिकार दिल्याचं बनावट पत्र जोडलं होतं. बेत होता खोट्या पदव्या छापण्याचा, आणि तो फसला. सत्र न्यायालयाने कोर्ट उठेपर्यंत कैद, अशी नावापुरती शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षं केली. हा निकाल 1973 चा. पण निकालाची प्रत आपल्या हाती 1978 मध्ये पडली, असं कैद्याचं म्हणणं होतं. तोवर सर्वोच्च न्यायालयात जायची मुदत कधीच उलटून गेली होती. तुरुंगाचं म्हणणं, प्रत वेळेवर दिली होती, दयेच्या अर्जासाठी परत घेतली. पोच मात्र कुठेच नाही.

होसकोट हे त्या प्राध्यापकाचं नाव, आणि हाच तो होसकोट खटला. 17 ऑगस्ट 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राध्यापकाचा अर्ज फेटाळला. त्याच्या पदरात काही पडलं नाही, पण पुढच्या सगळ्या कैद्यांच्या पडलं. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याच निकालात घालून दिलं की निकालाची प्रत कैद्याला तुरुंगात फुकट आणि लेखी पोच घेऊन द्यायची, अपील करायचं असेल तर तुरुंगाने सोय करून द्यायची, आणि वकील परवडत नसेल तर कोर्टाने तो नेमून द्यायचा, फी राज्याने भरायची. पीएचडी झालेल्या माणसाची ही गत, तर अंगठा लावणाऱ्याची काय असेल, हे वेगळं सांगायला नको.

वकिलाला तुरुंगात मज्जाव होता असं मात्र नाही. 1894 च्या तुरुंग कायद्याच्या कलम 40 मध्येच कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही त्याला, आपल्या वकिलाला तिसरा माणूस जवळ नसताना भेटता येईल, अशी तरतूद आहे. अडचण एवढीच की आधी वकील असायला हवा. मुंबई राज्याने 1949 मध्ये न्या. एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांच्या कायदेशीर मदतीसाठी समिती नेमली होती. त्यानंतर वीसेक वर्षांनी गुजरातने त्याच कामासाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष त्यांचे चिरंजीव पी. एन. भगवती. बापाने अहवाल लिहावा, मुलाने पुन्हा लिहावा, आणि तुरुंगातला माणूस तिथेच असावा, असा हा मामला. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम 304 ने सत्र खटल्यात सरकारी खर्चाने वकील मिळू लागला. मोबाइल किंवा सायकल चोरल्याचे खटले मॅजिस्ट्रेटपुढे चालतात, त्यांना ते कलम थेट लागू नव्हतं. आणि तुरुंगात गर्दी असते ती याच माणसांची. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मोफत कायदेशीर मदतीचं कलम 39अ आणलं, तेही मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं.

रस्ता खरा मोकळा केला तो पत्रांनी. तिहारमधल्या सुनील बात्रा या कैद्याने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं की शेजारच्या एका कैद्याला वॉर्डरने अमानुष मारहाण केली आहे. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. डॉ. वाय. एस. चितळे आणि मुकुल मुदगल या वकिलांना न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारे वकील, नेमून सरळ तुरुंगात पाठवलं: कैद्याला भेटा, कागद बघा, साक्षीदारांशी बोला. डिसेंबर 1979 च्या निकालात मग हे कायमचं झालं. न्यायालयांनी नेमलेल्या वकिलांना कैद्यांच्या भेटीची, मुलाखतीची आणि गोपनीय पत्रव्यवहाराची सोय द्यायलाच हवी.

महाराष्ट्राची पाळी आली 1982 मध्ये. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातल्या 15 स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलिस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बारसेंनी पत्र लिहिलं, न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालक डॉ. ए. आर. देसाई यांना तुरुंगात पाठवून अहवाल मागवला. त्या अहवालात मारहाणीपेक्षाही मोठी एक गोष्ट समोर आली: वकील मिळायची धड व्यवस्थाच नव्हती. एका वकिलाने तर दोन परदेशी स्त्री-कैद्यांना लुबाडल्याची तक्रार होती. 15 फेब्रुवारी 1983 चा निकाल फार व्यवहारी आहे, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सगळ्यांत उपयोगी कागद तोच. तुरुंगांनी कच्च्या कैद्यांच्या याद्या जिल्हा कायदेशीर मदत समितीला पाठवायच्या. समितीने जिल्हा न्यायालयात वकिली करणारे दोघे-चौघे निवडायचे. त्यांनी निदान पंधरवड्यातून एकदा तुरुंगात जायचं. आज ‘जेल व्हिजिटिंग अ‍ॅडव्होकेट’ म्हणतात त्या माणसाची महाराष्ट्रातली कुंडली इथून मांडायला हरकत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला 1987 मध्ये, लागू झाला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. त्यातल्या कलम 12 मध्ये कोठडीत असलेल्या प्रत्येकाला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क दिलेला आहे आणि उत्पन्नाची अट नाही.

कागदावर एवढं झाल्यावर प्रत्यक्ष काम कसं चालायचं? वकील गेटवर नोंद करून मोबाइल जमा करतो. आत कार्यालयाजवळ एक टेबल मिळतं. एकेक कैदी येतो. कलम कुठलं, कोर्ट कुठलं, चार्जशीट आली का, पुढची तारीख कधी? निम्म्या प्रश्नांना उत्तर नसतं. एफआयआरची प्रत कैद्याकडे नसते, कोर्टाचं नाव त्याला ठाऊक नसतं. अटकेला साठ किंवा नव्वद दिवस होऊनही चार्जशीट आली नसेल तर जामीन हक्काने मिळतो, पण मागावा लागतो, आणि चार्जशीट दाखल झाली की तो हक्क संपतो. म्हणजे पंधरवड्याची एक फेरी चुकली तर नुकसान वकिलाचं नाही. वकालतनाम्यावर अंगठा, तुरुंगाधिकाऱ्याची सही, मग तो कागद कोर्टात. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार नाही म्हणून माणूस आतच. त्यासाठी जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आदेशानंतर सात दिवसांत कैदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं.

त्यात पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलाची स्वतःची प्रॅक्टिस असते आणि सरकारी फी तुटपुंजी. तो आधी कुठल्या कोर्टात उभा राहील हे उघड आहे. कैद्यालाही ते कळतं. फुकटचा वकील नको, घर गहाण टाकू पण ‘आपला’ वकील करू, असं म्हणणारे आजही भेटतात. मुंबईत ‘टिस’च्या (टाटा समाजविज्ञान संस्थेच्या) ‘प्रयास’ प्रकल्पाचे समाजकार्यकर्ते 1990 पासून हीच दरी बुजवत आले: घरच्यांना शोधा, कागद जुळवा, वकिलाचा पाठपुरावा करा. येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहांत दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या उपक्रमाने वकील आणि समाजकार्यकर्ते यांची जोडी बसवली.

मोठा बदल 2022 चा. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘लीगल एड डिफेन्स कौन्सिल’ योजना आणली: जिल्ह्याच्या ठिकाणी पूर्णवेळ, पगारी बचाव वकिलांचं कार्यालय, खासगी प्रॅक्टिसला बंदी. मुख्य वकिलाला फौजदारी कामाचा किमान दहा वर्षांचा अनुभव हवा, उपमुख्याला सात, सहायक मात्र अगदी नवे चालतात. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे होते. ऑक्टोबर 2024 मध्ये न्या. भूषण गवई आणि न्या. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने तुरुंगातल्या विधी सहाय्य केंद्रांबद्दलची कार्यपद्धती नीट अमलात आणा, असा आदेश दिला. 1983 चंच सांगणं, एक्केचाळीस वर्षांनी.

पगारी वकिलाचा प्रयोग अमेरिकेतल्या टेक्सासने फार आधी केला आहे. तिथे गरीब कैद्यांचे पगारी वकील तुरुंग खात्याच्याच यंत्रणेत बसतात. ते अपील लढतात, तुरुंगातल्या नव्या गुन्ह्यांत बचाव करतात. पण तुरुंग खात्याविरुद्ध नागरी हक्कांचा दावा त्यांच्या कक्षेत येत नाही. म्हणजे वॉर्डरने मारलं तर वकील बाहेरचा शोधा.

आपल्याकडे ती अडचण नाही, कारण हे वकील तुरुंगाचे नाहीत, प्राधिकरणाचे आहेत. अडचण दुसरीकडे आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश, निवड समितीचे प्रमुखही तेच. नेमणूक सुरुवातीला दोन वर्षांच्या कंत्राटावर, पुढची मुदतवाढ काम पाहून वर्षावर्षाने. ज्या न्यायाधीशांपुढे उभं राहून आरोपीसाठी भांडायचं, प्रसंगी त्यांच्या आदेशाविरुद्ध वरच्या कोर्टात जायचं, त्यांच्याच अभिप्रायावर पुढचं कंत्राट ठरायचं, ही गाठ योजनेने अजून सोडवलेली नाही.