ॲक्सेस पॉइंट राउटरच्या पोटात कसा गेला आणि बाहेर का आला

फायबरचं कनेक्शन घेतलं की कंपनीचा माणूस हॉलमधल्या भिंतीला एक डबा ठोकून जातो. त्या एका डब्यात चार कामं चालतात: फायबरमधून आलेल्या प्रकाशाचा सिग्नल करणं, राउटिंग, केबल जोडायचा स्विच आणि वायफाय. यातलं शेवटचं काम म्हणजे ॲक्सेस पॉइंट. एके काळी ती वेगळी वस्तू होती, आणि चांगलीच महाग.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामक संस्थेने २.४ गिगाहर्ट्‌झसह रेडिओ लहरींचे तीन पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. २.४ म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हनचाच पट्टा. त्यामुळे स्वयंपाकघराजवळ वायफाय अडखळतं, त्याचं मूळ तिथे आहे. वायफायचं ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आलं, वेग जेमतेम २ एमबीपीएस. १९९९ च्या ८०२.११बी ने तो ११ वर नेला आणि त्याच वर्षी ॲपलचं एअरपोर्ट बेस स्टेशन २९९ डॉलरना बाजारात आलं. आत ल्युसेंटचं वायरलेस कार्डच खोचलेलं होतं.

किंमत खाली आणली ती लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी सारख्या डब्यांनी. २००२ च्या अखेरीस आलेल्या या निळ्या-काळ्या डब्यात राउटर, चार पोर्टांचा स्विच आणि ॲक्सेस पॉइंट एकत्र होते. आत लिनक्स असल्याचं लोकांनी शोधून काढलं, लिनक्सच्या जीपीएल या परवान्याच्या अटीमुळे सोर्स कोड द्यावा लागला आणि त्यातून ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरमध्ये स्वतः टाकता येणारं मोफत सॉफ्टवेअर उभं राहिलं. पुढे पाचव्या आवृत्तीत फ्लॅश (कायमची साठवण) ४ वरून २ एमबी आणि रॅम १६ वरून ८ एमबी केली गेली, लिनक्सही गेलं. दिसायला डबा तसाच. एकाच मॉडेलच्या नावाखाली आतला माल बदलण्याची ही रीत आजही आहे, म्हणून बुडावरच्या लेबलवरची व्हर्जन वाचल्याशिवाय जुना डबा घेऊ नये. आज ओपनडब्ल्यूआरटी टाकायचं असेल तर निदान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम बघावी.

भारतात जानेवारी २००५ च्या अधिसूचनांनी २.४ चा पट्टा परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्‌झचे काही भागही तेव्हाच सुटले, पण इमारतीच्या आतल्या वापरापुरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये बाहेरच्या वापरालाही मोकळीक मिळाली. सोसायट्यांमध्ये आता २.४ ची अवस्था चाळीतल्या नळासारखी आहे: एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि वापरणारी घरं वीस. ५ ला जागा भरपूर, पण विटांच्या दोन भिंती किंवा एक स्लॅब आला की रेंज गळते. ताकद वाढवून भागत नाही. डब्याचा आवाज फोनपर्यंत पोचेल, पण फोनचा बारीक आवाज डब्यापर्यंत परत यायला हवा ना! म्हणून ॲक्सेस पॉइंट पुन्हा राउटरच्या पोटातून बाहेर आला: राउटर एका कोपऱ्यात, ॲक्सेस पॉइंट माणसं बसतात तिथे छताला, मध्ये केबल.

निवडताना खोक्यावरच्या आकड्याने फसायला होतं. ‘एएक्स१८००’ म्हणजे २.४ वरचे ५७४ आणि ५ वरचे १२०१ यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो आणि त्यातलाही निम्म्याच्या आसपास वेग हाती लागतो. ‘एसी१२००’ च्या स्वस्त डब्यांत तर पोर्टच १०० एमबीपीएसचा निघतो. ३०० चा प्लॅन घेऊन ९४ च्या वर आकडा चढत नाही तो त्यामुळे. गिगाबिट पोर्ट ही पहिली अट, अँटेनांची संख्या नंतर.

घरात जुना राउटर पडलेला असेल तर आधी तोच वापरून बघावा. ‘एपी मोड’ (नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून चालणं) असेल तर तो निवडायचा. नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ वरून १९२.१६८.१.२ करायचा (मुख्य डबा १.१ वर आहे असं धरून), डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करायचं आणि केबल वॅन, म्हणजे इंटरनेटच्या, पोर्टमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये लावायची. डीएचसीपी चालू राहिलं की दोन डबे पत्ते वाटत बसतात आणि कुणाच्या तरी फोनवर नेट ‘कनेक्टेड’ दिसूनही चालत नाही. वायफायचं नाव नि पासवर्ड दोन्हीकडे सारखेच, चॅनेल मात्र वेगळी.

छतावरच्या ॲक्सेस पॉइंटला वीज केबलमधूनच देता येते. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विच आधी अगदी कमी दाबाने पलीकडे २५ किलोओहम रोधाची खूण आहे का ते तपासतो, मगच ४८ व्होल्टच्या आसपास सोडतो. काही कंपन्यांनी खर्च वाचवायला २४ व्होल्टचा ‘पॅसिव्ह’ मार्ग धरला. त्यात काही विचारणं नाही, वीज थेट. त्याचा इंजेक्टर (केबलमध्ये वीज सोडणारा अडॅप्टर) चुकून लॅपटॉपला लावला तर पोर्ट जळू शकतो, आणि ४८ वाल्या ॲक्सेस पॉइंटला लावला तर तो बहुधा चालूच होत नाही. जुने डबे घेताना हे लेबलवर बघावं.

सगळं बरोबर असूनही रात्री सगळे नेटवर असताना ॲक्सेस पॉइंट रीस्टार्ट होत असेल तर केबल तपासावी. स्वस्त ‘कॅट६’ नेटवर्क केबलमध्ये तांब्याचा नुसता मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. त्याचा रोध जास्त, लांब अंतरावर व्होल्टेज पडतं. ब्लेडने तार खरवडली की खालून पांढरं चकाकतं.