हाताचा इसब (वार्धक्यातील)

तळहात, बोटे व मनगट यांवरील त्वचेचा दाहयुक्त, असांसर्गिक विकार. खाज, लाली, पुटकुळ्या, कोंडा व पुढे भेगा ही लक्षणे. तीन महिन्यांहून अधिक टिकलेला किंवा वर्षातून दोनदा उलटलेला इसब चिरकारी समजतात.

सर्वसाधारण लोकसंख्येत कोणत्याही एका वेळी सुमारे ४ टक्के, वर्षभरात ९ ते १० टक्के आणि आयुष्यात केव्हातरी सुमारे १५ टक्के लोकांना तो होतो. स्त्रियांत प्रमाण अधिक. हे आकडे मुख्यतः उत्तर युरोपातील असून त्यांतील बऱ्याच पाहण्या नोकरीच्या वयातील लोकांच्या आहेत. या नोंदीचा विषय असलेल्या विदर्भातील खेड्यांना ते जसेच्या तसे लावू नयेत. येथे साठीनंतरही हात कामातून सुटत नाहीत, आणि वयाने त्वचेतील स्निग्धांश घटून ती कोरडी पडते, झीज भरून यायला वेळ लागतो.

प्राचीन नावाविषयी मतभेद आहेत. इसब म्हणजे ‘विचर्चिका’ असे बहुधा सांगितले जाते. चरकसंहितेत (सामान्यतः इ. स. पू. दुसरे ते इ. स. दुसरे शतक) विचर्चिका खाजरी, काळसर व बहुस्रावी म्हटली आहे, म्हणजे ती ओल्या इसबाशी जुळते. म्हाताऱ्या हातांचा कोरडा, फुटलेला इसब मात्र त्याच ग्रंथातील ‘वैपादिक’ या वर्णनाला अधिक जवळचा वाटतो : ‘पाणिपादस्फुटनं तीव्रवेदनम्’, हातपाय फुटणे व तीव्र वेदना. सुश्रुत हाच विकार ‘विपादिका’ या नावाने पायापुरताच मानतो. तरी हातांचा स्पष्ट उल्लेख पाहता येथे चरकाचा आधार घेणे सयुक्तिक होय.

कारणे कामातली आहेत. कापूस वेचताना पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) वाळल्या बोंडांची टोके बोटांच्या पेरांना ओरबाडतात. भेगाळलेल्या अंगठ्यात कापसाचे तंतू अडकतात आणि ओढताना रक्त येते. भांडी, धुणे, सारवण यांनी हात सतत ओले राहतात. पश्चिम विदर्भात बिबे फोडून गोडंबी (आतला गर) काढणाऱ्या बायांच्या बोटांना बिब्याचे दाहक तेल लागून फोड येतात, कातडी काळी पडते. गाजर गवताच्या ॲलर्जीचा इसब प्रौढ व वृद्ध शेतकरी पुरुषांत विशेष आढळतो. चेहरा, मान व हात यांवर तो उठतो. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्याजवळ प्रथम नोंदले गेले. ते आयात गव्हाबरोबर आले हे मत रूढ असले, तरी वनस्पतीची भारतातील नोंद त्याहून जुनी असल्याचेही दाखवले गेले आहे.

निदानात नायटा व कुष्ठरोग वगळावे लागतात. नायटा पुष्कळदा एकाच हाताला असतो. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही, बधिर असतो. दत्तपूर (१९३६) व आनंदवन ही कुष्ठरुग्णांची सेवाकेंद्रे ज्या प्रदेशात उभी राहिली, तेथे हा फरक महत्त्वाचा, कारण महारोगाच्या धास्तीने वृद्ध माणसे साधा इसबही पदराआड लपवतात.

उपचारात काम आटोपताच व्हॅसलीन किंवा खोबरेल चोळणे, कोरड्या कामाला सुती हातमोजे आणि डॉक्टरांनी ठरवलेले स्टेरॉइड मलम यांचा समावेश होतो. पूर्व विदर्भात भेगांना मोहाच्या बियांचे तेल लावतात. औषध दुकानातून परस्पर आणलेल्या स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमांनी नायटा झाकला जातो व पसरतो.