सर्जनचा मास्क आणि 'एअरोसोल निर्माण करणाऱ्या प्रक्रियां'ची यादी

शस्त्रक्रिया करताना नाकातोंडावर जाळीदार कापड बांधायची पद्धत युरोपात १८९७ च्या सुमारास सुरू झाली. बोलताना उडणाऱ्या तुषारांत जिवंत जंतू असतात हे तेव्हा नुकतंच दिसलं होतं. ते उघड्या जखमेत पडू नयेत, एवढाच हेतू. म्हणजे मास्क होता रुग्णासाठी. घालणाऱ्याचा जीव वाचावा म्हणून कापसाचा जाड थर घातलेला मास्क १९१०-११ मध्ये मांचुरियातल्या फुफ्फुसाच्या प्लेगात वापरला गेला, पण ऑपरेशन थिएटरात जुनाच अर्थ टिकून राहिला. २०२० च्या कोरोना साथीत मास्कवरून झालेली सगळी ओढाताण या जुन्या अर्थातून आली.

साधा सर्जिकल मास्क रक्ताची चिळकांडी अडवतो. तो किती दाबाची चिळकांडी सोसेल यावरून त्याच्या श्रेणी ठरतात: ८०, १२० आणि १६० मिलिमीटर पारा. मात्र त्याच्या कडा सैल असतात आणि श्वास आत ओढताना हवा गालाजवळच्या फटींतून, न गाळता येते. एन-९५ हा चेहऱ्याला घट्ट बसणारा, हवा गाळणारा मास्क; त्याची परीक्षाच वेगळी आहे. मिनिटाला ८५ लिटर हवा ओढली जात असताना ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे किमान ९५ टक्के कण अडले पाहिजेत. हे काम बरंचसं तंतूंवरचा स्थिर विद्युतभार करतो. टंचाईत मास्क पुन्हा वापरायला म्हणून त्यावर अल्कोहोल फवारलं, तर हा भार निघून जातो. मास्क दिसायला मात्र धडधाकट राहतो. दाढी असेल किंवा नाकावरची पट्टी नीट दाबलेली नसेल, तरी ९५ हा आकडा कागदावरच राहतो. चष्म्यावर वाफ धरत असेल तर वरची कड गळते आहे असं समजावं.

एन-९५ पुरेसे नव्हते, तेव्हा ते कुणाला द्यायचे हे 'एअरोसोल (हवेत तरंगणारे बारीक कण) निर्माण करणारी प्रक्रिया' या शब्दांवर ठरलं. या शब्दांची मुळं २००३ च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत आहेत. तेव्हा कोणत्या कर्मचाऱ्यांना लागण झाली याचा मागोवा नंतर घेतला गेला. अशा दहा अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये आला. त्यात श्वासनलिकेत नळी घालणाऱ्यांत, म्हणजे इंट्युबेशन करणाऱ्यांत, लागणीची शक्यता सुमारे साडेसहा पट दिसली. पण पुरावा कमी दर्जाचा आहे, हे त्या आढाव्यातच म्हटलेलं होतं. शिवाय त्या खोल्यांतल्या हवेतले कण कुणी मोजलेले नव्हते. नळी घालणारा माणूस अत्यवस्थ, धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या तोंडाजवळ वाकलेला असतो. धोका नळीमुळे वाढला की त्या जवळिकीमुळे, हे त्या आकड्यांतून वेगळं काढता येत नाही. तरीही २०२० मध्ये त्यातून तयार झालेली यादी काटेकोर नियमासारखी वापरली गेली. भूलतज्ज्ञाला एन-९५ आणि बाजूच्या वॉर्डात खोकणाऱ्या रुग्णाची फुफ्फुसं तपासणाऱ्याला साधा मास्क, अशी वाटणी अनेक ठिकाणी झाली. कण मोजण्याची यंत्रं थिएटरात आणल्यावर चित्र उलटं निघालं. भूल देऊन, स्नायू शिथिल करून केलेल्या इंट्युबेशनमध्ये एका साध्या खोकल्यापेक्षा खूपच कमी कण उडत होते. यादी चुकीच्या टोकाकडून बनवली होती, आणि तिची किंमत वॉर्डातल्या माणसांनी मोजली.

सर्जनसमोरचे प्रश्न यादीत नीट बसतही नव्हते. कॉटरीचा, म्हणजे ऊती जाळून कापणाऱ्या व रक्त थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणाचा, धूर हा एक. त्यातले कण सरासरी ०.०७ मायक्रॉनइतके बारीक असतात आणि लेसरच्या धुरात पॅपिलोमा विषाणूचा डीएनए पूर्वीच सापडला होता. या जुन्या निरीक्षणावरून २०२० च्या वसंतात काही ठिकाणी पोटात वायू भरून दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियाच टाळायला सांगण्यात आलं. ही घाई होती. कोरोनाचा विषाणू त्या वाटेने सर्जनला लागतो याचा पुरावा नव्हता, आणि पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेतही कॉटरी असतेच. पुढे व्यवहार्य मार्ग रूढ झाला: पोटातल्या वायूचा दाब जमेल तितका कमी ठेवायचा, छेद दुर्बीण व हत्यारं आत घालायच्या नळीभोवती घट्ट बसतील एवढेच घ्यायचे, आणि कापलेला भाग बाहेर काढण्याआधी व नळ्या उपसण्याआधी सगळा वायू गाळणी लावलेल्या सक्शनने ओढून घ्यायचा. नळीची झडप उघडून वायू खोलीत सोडला की बाकीची काळजी फुकट जाते.

झडपेच्या मास्कचा घोळ सगळ्यांत बोलका. त्यात आत येणारी हवा गाळली जाते, बाहेर जाणारी नाही. सर्जन सुरक्षित, पण त्याचा उच्छ्वास थेट जखमेवर. १८९७ चा हेतू आणि २०२० ची गरज इथे समोरासमोर आली. बिनझडपेचा, द्रवरोधक सर्जिकल एन-९५ दोन्ही भागवतो. तो नसेल तेव्हा झडपेच्या मास्कवर साधा मास्क चढवणं ही तडजोड होती.

हवेचा हिशोब त्या मानाने सरळ होता. थिएटरातली हवा तासाला २० वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण सुमारे १४ मिनिटांत निघून जातात. ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं लागतात. दोन शस्त्रक्रियांमध्ये किती थांबायचं हे यावरून काढता येत होतं, मात्र त्यासाठी आपल्या थिएटरचा आकडा माहीत असावा लागे.

५ मायक्रॉनपेक्षा मोठा तो 'तुषार', लहान तो 'एअरोसोल' ही जुनी विभागणी जागतिक पातळीवरच्या परिभाषेतून २०२४ मध्ये मागे पडली आणि 'श्वसनमार्गातले संसर्गकारक कण' ही एकच संज्ञा आली. प्रक्रियांची यादी काही ठिकाणी छोटी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही.