हिरव्या लेझरची पारख

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात नुसत्या बोटाने तारा दाखवणे किती अवघड असते, हे पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या किंवा मुंबईच्या खगोल मंडळाच्या कार्यक्रमांना गेलेल्यांना वेगळे सांगायला नको. हातात मावणाऱ्या हिरव्या लेझरने ही अडचण जवळजवळ संपवली, आणि दाखवणाऱ्यांबरोबर पाहणाऱ्यांनाही असे एक उपकरण आपल्याकडे असावे असे वाटू लागले. आता ते काहीशे रुपयांत मिळते. त्यावर ‘५ मिलिवॉटपेक्षा कमी’ अशी पट्टी असते, क्वचित ती तशी असूनही विक्रेता शेकड्यांतले आकडे सांगतो, आणि घेणारा भिंतीवर ठिपका पाडून तेजावरून निवड करतो. ही कसोटीच मुळात चुकीची आहे.

मानवी डोळा दिवसाच्या प्रकाशात ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक संवेदनशील असतो. बहुतेक हिरव्या लेझरची तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर, म्हणजे या शिखराच्या अगदी जवळ. नेहमीच्या लाल लेझरची ६५० नॅनोमीटर, म्हणजे उताराच्या तळाशी. त्यामुळे दोन्हींची शक्ती समान असली तरी हिरवा ठिपका सुमारे आठपट तेजस्वी भासतो. याउलट डोळ्याला मुळीच न दिसणारा, पण तितकीच शक्ती वाहणारा प्रकाश त्याच नळीतून बाहेर पडत असेल, तर त्याची भिंतीवर कसलीही खूण उमटत नाही. स्वस्त हिरव्या लेझरच्या बाबतीत ही शक्यता नुसती तात्त्विक नाही.

याचे कारण हिरवा प्रकाश तयार करण्याच्या रीतीत आहे. या प्रकारच्या लेझरमध्ये आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश देणारा डायोड असतो. त्याचा प्रकाश निओडिमियम मिसळलेल्या यट्रियम व्हॅनाडेटच्या इवल्याशा स्फटिकात शोषला जातो आणि तो स्फटिक १०६४ नॅनोमीटरचा, म्हणजे पुन्हा अवरक्तच, लेझर प्रकाश देतो. त्याला चिकटलेला पोटॅशियम टायटानिल फॉस्फेटचा दुसरा स्फटिक या प्रकाशाची वारंवारिता दुप्पट करतो. तरंगलांबी निम्मी होते आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश मिळतो. वारंवारिता दुप्पट करण्याचा हा परिणाम प्रथम १९६१ मध्ये मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि सहकाऱ्यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकात माणिक लेझरचा प्रकाश सोडून दाखवला होता. त्यांच्या छायाचित्रातला नव्या प्रकाशाचा ठिपका इतका पुसट होता की तो डाग समजून छपाईच्या वेळी काढून टाकण्यात आला, अशी हकीकत भौतिकशास्त्रात आजही चवीने सांगितली जाते.

थोडक्यात, आपण विकत घेतो तो एक अवरक्त लेझर आणि त्याला जोडलेले रूपांतर करणारे यंत्र. रूपांतर कधीच पूर्ण होत नाही, म्हणून उरलेला अवरक्त प्रकाश अडवण्यासाठी नळीच्या तोंडाशी एक गाळणी काच बसवावी लागते. ही काच खर्चिक नसते, पण ती नसली तरी हिरवा ठिपका तसाच दिसतो, आणि त्यामुळेच ती वगळण्याचा मोह उत्पादकाला होतो. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये तपासलेल्या एका स्वस्त लेझर पॉइंटरवर १० मिलिवॉटचा उल्लेख होता. त्याचा हिरवा प्रकाश मंद होता, मात्र अवरक्त प्रकाश जवळजवळ २० मिलिवॉट निघाला. याच संस्थेने २०१३ मध्ये १२२ पॉइंटरच्या तपासणीचे निष्कर्ष मांडले, तेव्हा हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के आणि लालांपैकी सुमारे ४४ टक्के सुरक्षेच्या नियमांत बसत नसल्याचे आढळले.

या गळतीचे गांभीर्य डोळ्याच्या रचनेत आहे. डोळ्याचे भिंग समांतर किरण दृष्टिपटलावरच्या अतिसूक्ष्म बिंदूत गोळा करते, आणि त्यामुळे तिथली तीव्रता बाहुलीपाशी असते त्याच्या सुमारे एक लाख पट होऊ शकते. दृश्य प्रकाश अचानक डोळ्यात गेला तर पाव सेकंदाच्या आत पापणी मिटते वा मान वळते, आणि लेझरच्या सुरक्षा वर्गीकरणातली दुसऱ्या वर्गाची १ मिलिवॉटची मर्यादा याच प्रतिक्षिप्त क्रियेवर बेतलेली आहे. अवरक्त प्रकाश दिसत नसल्याने ही क्रिया घडत नाही, पण तो दृष्टिपटलापर्यंत मात्र पोहोचतो. पुणे आणि कोल्हापूर भागांतील गणेश विसर्जन मिरवणुकांत लेझर झोतांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या घटनांची अलीकडच्या वर्षांत बरीच चर्चा झाली. ते झोत पॉइंटरपेक्षा कितीतरी शक्तिशाली असतात. दृष्टिपटलाला होणाऱ्या इजेचे स्वरूप मात्र वेगळे नसते.

हौशी माणसाला घरी काय तपासता येईल? पहिली तपासणी सीडीने करता येते, आणि ती मला सर्वांत देखणी वाटते. सीडीवरच्या चक्राकार रेषा एकमेकींपासून १.६ मायक्रोमीटर अंतरावर असतात, त्यामुळे ती विवर्तन जाळीसारखी वागते, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश वेगवेगळ्या कोनांत वळवते. पुठ्ठ्याला छिद्र पाडून त्यातून झोत एक मीटरवरच्या सीडीवर सरळ सोडला, तर ५३२ नॅनोमीटरचा पहिला ठिपका पुठ्ठ्यावर छिद्रापासून सुमारे ३५ सेंटिमीटरवर पडतो. ८०८ नॅनोमीटरचा प्रकाश असेल तर त्याची जागा सुमारे ५८ सेंटिमीटरवर, आणि १०६४ चा असेल तर ९० सेंटिमीटरच्या आसपास असते. डोळ्याला या दोन जागा कोऱ्याच दिसतात, पण अवरक्त गाळणी नसलेल्या वेबकॅमेऱ्याला तिथे ठिपके दिसू शकतात. कॅमेरा योग्य आहे का हे टीव्हीच्या रिमोटवरून कळते: बटण दाबल्यावर रिमोटचा दिवा पडद्यावर चमकताना दिसला पाहिजे. सीडी आरशासारखीही वागत असल्याने परतणारा झोत कुठे जातो हे आधी ठरवून, लेझर पक्का बसवून आणि डोळे त्या पातळीपासून दूर ठेवूनच हा प्रयोग करावा. ज्याच्या शक्तीविषयी शंका आहे असा लेझर यासाठी वापरू नये.

शक्ती मोजणे मात्र घरगुती काम नव्हे. उष्णतेवर चालणारा शक्तिमापक सर्व तरंगलांबींची बेरीज दाखवतो, त्यामुळे गळती असलेला लेझर त्यावर अधिक ‘दमदार’ ठरतो. जाहिरातीतल्या फुगीर आकड्यांमागे हे एक कारण असू शकते. सिलिकॉनच्या प्रकाश-डायोडचा मापक तर याहून फसवा, कारण सिलिकॉन ८०८ नॅनोमीटरला हिरव्यापेक्षा अधिक प्रतिसाद देते. झोताच्या वाटेत अवरक्त अडवणारी काच धरून आणि ती काढून, अशी दोन मापने घेतल्याशिवाय मिलिवॉटच्या आकड्याला फारसा अर्थ नाही.

झोत किती पसरतो हे मोजणे तुलनेने सोपे आहे. दोन वेगवेगळ्या अंतरांवर ठिपक्याचा व्यास मोजावा, व्यासांतील फरकाला अंतरांतील फरकाने भागावे. हे उत्तर मिलिरेडियन या कोनाच्या एककात सांगतात: एक मिलिरेडियन पसरणीचा झोत १०० मीटरमध्ये १० सेंटिमीटरने रुंदावतो, आणि चांगल्या पॉइंटरकडून याच्या आसपासची अपेक्षा ठेवावी. ठिपका दुभंगलेला किंवा मधोमध पोकळ दिसला तर आतले स्फटिक नीट जुळलेले नाहीत.

तापमान हा या लेझरचा जुना शत्रू. डायोडची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३ नॅनोमीटरने सरकते, तर व्हॅनाडेटचा स्फटिक ८०८ च्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच उत्तम शोषण करतो. म्हणून थंडीत महाबळेश्वरला किंवा हिमालयात गेलेला पॉइंटर आधी मंदावतो, हाताच्या उबेने पुन्हा जागा होतो, आणि सतत चालू ठेवला की तेज खाली-वर करू लागतो. थेट ५२० नॅनोमीटर हिरवा प्रकाश देणाऱ्या गॅलियम नायट्राइडवर आधारित डायोडने हा प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला आहे. त्यात स्फटिकांची साखळीच नाही, त्यामुळे अवरक्ताची गळतीही नाही. त्याचा ठिपका थोडा लांबट पडतो आणि पसरणी अनेकदा जास्त असते, पण माझ्या मते तारे दाखवण्यासाठी आज नवा पॉइंटर घ्यायचा असेल तर हाच प्रकार घ्यावा. सीडीच्या प्रयोगात ५२० चा ठिपका ५३२ च्या ठिपक्यापेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर आत पडतो, तरी काळजीपूर्वक मोजल्यास हा फरक ओळखू येतो.

रात्री आकाशात दिसणारी हिरवी रेघ ही प्रत्यक्षात हवेच्या रेणूंनी, धुळीने आणि बाष्पाने विखुरलेला प्रकाश असते. म्हणून पावसाने धुतलेल्या स्वच्छ हवेत तोच लेझर फिका वाटतो आणि कोकणातल्या दमट रात्री ठसठशीत दिसतो. त्यावरून लेझर बिघडला किंवा सुधारला असे समजू नये. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना ५ मिलिवॉट पुरेसे होतात; त्यापुढचे आकडे हौसेचे असतात आणि धोका मात्र खरा वाढवतात.

रेघ ताऱ्यापाशी संपल्यासारखी दिसते, पण झोत तिथे संपत नाही. एक मिलिरेडियन पसरणीचा ५ मिलिवॉटचा हिरवा झोत दृष्टिपटलाला सुमारे १५ मीटरपर्यंत धोकादायक मानला जातो. वैमानिकाचे लक्ष विचलित करण्याची त्याची क्षमता मात्र साडेतीन किलोमीटरपर्यंत टिकते, कारण तिथे तो साडेतीन मीटर रुंदीचा होऊन सबंध कॉकपिट उजळवू शकतो. अमेरिकेत विमानावर लेझर रोखणे २०१२ पासून संघराज्य पातळीवरचा गुन्हा आहे, तरीही २०२३ मध्ये तिथे अशा १३ हजारांहून अधिक घटनांची नोंद झाली. आपल्याकडे मुंबई-पुण्याभोवतीच्या आकाशदर्शनाच्या जागांवरून विमानांची ये-जा सतत चालू असते, तेव्हा बटण दाबण्याआधी त्या दिशेचे आकाश नजरेखालून घालणे हा लेझर चालवण्याचाच भाग समजावा.

संरक्षक चष्मा घेतानाही हीच तरंगलांबीची बाब आड येते. हिरवा प्रकाश अडवणारा नारिंगी प्लास्टिकचा चष्मा ८०८ आणि १०६४ नॅनोमीटर बिनदिक्कत आत सोडू शकतो, आणि हिरवे दिसेनासे झाल्यामुळे घालणारा निर्धास्त होतो. चष्म्यावर कोणत्या तरंगलांबींसाठी किती रोध आहे हे छापलेले असावे. स्फटिकांच्या लेझरसाठी त्यात तिन्ही तरंगलांबी हव्यात. असा चष्मा पॉइंटरच्या अनेकपट महाग पडतो. ज्याला तो परवडत नाही त्याने मोठ्या शक्तीच्या लेझरच्या नादाला न लागणे बरे. घरात मुले असतील तर वापर संपल्यावर सेल काढून वेगळा ठेवावा, कारण या उपकरणांना दिलेली किल्ली पुष्कळदा कोणत्याही दुसऱ्या किल्लीसारखीच असते.