गाळलेलं तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे

जुन्या डिझेल गाड्यांचा विषय निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, अरे आमच्या ओळखीतला एक जण तळून उरलेल्या तेलावर गाडी चालवतो, बायोडिझेलवर. घोळ तिथेच होतो, कारण ह्या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकच असल्यासारख्या बोलल्या जातात. तळणीचं तेल गाळून टाकीत ओतलं तर ते तेलच राहतं, फडक्यातून गाळा नाहीतर एक मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा, त्याचं बायोडिझेल होत नाही. बायोडिझेल म्हणजे त्याच तेलावर रासायनिक प्रक्रिया करून केलेला वेगळा पदार्थ. रंग जवळजवळ सारखा, वासही थोडाफार सारखा, दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या तर घाईत ओळखू येणार नाहीत. इंजिनाला मात्र फरक कळतो, फक्त तो आपल्याला कळेपर्यंत कधीकधी वर्ष निघून जातं आणि तोवर उशीर झालेला असतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

थोडक्यात असं आहे की नुसतं तेल जाळायचं असेल तर गाडीत बदल करावे लागतात, आणि बायोडिझेल जाळायचं असेल तर तेलात बदल करावा लागतो, गाडी जवळपास तशीच चालते. दोन्हीतलं काहीच न करता सरळ डबा टाकीत उपडा करणारेही असतात, त्यांच्या इंजिनांचं काय होतं ते पुढे येईलच.

फरक मुळात कुठून येतो ते आधी बघू. वनस्पती तेलाचा रेणू मोठा असतो, ग्लिसरीनचा एक छोटा दांडा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या. ह्या शेपट्या एकत्र बांधलेल्या असल्यामुळे तेल दाट असतं. ४० अंश सेल्सिअसला साधं डिझेल २ ते ४.५ सेंटीस्टोकमध्ये (हे दाटपणाचं माप) बसतं आणि रेपसीडचं, म्हणजे मोहरीच्या जातीच्या एका बीचं, तेल ३५ च्या आसपास जातं, म्हणजे ढोबळ मानाने दहापट दाट. बायोडिझेल करताना तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून ५५-६० अंशांवर ढवळत ठेवतात, मग त्या तिन्ही शेपट्या दांड्यावरून सुटतात, प्रत्येकीला मिथेनॉलचा तुकडा चिकटतो, आणि मोकळं झालेलं ग्लिसरीन जड असल्यामुळे तळाला बसतं. वर राहतं ते बायोडिझेल. साधारण १०० किलो तेलात ११ किलो मिथेनॉल खपतं आणि १०० किलोच्या आसपास बायोडिझेल निघतं, शिवाय १० किलो ग्लिसरीन (प्रत्यक्षात मिथेनॉल जवळपास दुप्पट घालावं लागतं, नाहीतर प्रक्रिया अर्ध्यातच अडकते). रेणू एक तृतीयांश झाला आणि दाटपणा ३५ वरून ४-५ वर आला, डिझेलच्या अगदी शेजारी.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती दर वेळी पुढे केली जाते. "रुडॉल्फ डिझेलने इंजिन शेंगदाणा तेलासाठीच बनवलं होतं." तसं नाहीये. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात फ्रेंच सरकारच्या सांगण्यावरून एक छोटं डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं गेलं, ते दाखवलं होतं ओटो कंपनीने, आणि ते इंजिन खनिज तेलासाठीच बनवलेलं होतं. ते इतकं सुरळीत चाललं की बघणाऱ्यांतल्या थोड्याच लोकांना वेगळं तेल आहे हे कळलं, असं डिझेलने स्वतः १९१२ साली लिहून ठेवलंय. म्हणजे चालतं हे तेव्हापासून माहिती आहे, प्रश्न किती वर्षं चालतं हा आहे. आणि तेलाच्या दाटपणावर उपाय म्हणून त्याचं एस्टर, म्हणजे आजच्या भाषेत बायोडिझेल, करायची कल्पनाही बरीच जुनी, १९३७ साली ब्रुसेल्स विद्यापीठातल्या शावान यांनी त्याचं बेल्जियन पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ मार्गावर पाम तेलाच्या एस्टरवर बस धावली.

आता नुसत्या तेलाचं बघू, जास्त इंजिनं इथेच मरतात.

तेलावर चालू शकतील अशा गाड्या म्हणजे जुन्या प्री-चेंबरवाल्या. म्हणजे ज्यात इंधन आधी हेडमधल्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं आणि पेट घेऊन मग सिलिंडरमध्ये येतं. मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिका, २४० डी, ३०० डी, किंवा जुन्या फोक्सवॅगन गोल्फचं १.६ डिझेल, ह्या त्यातल्या प्रसिद्ध. ह्यांच्या नोझलला बारीक बारीक अनेक भोकं नसतात, एकच तोंड असतं, प्रेशरही कमी असतं, त्यामुळे जरा दाट माल ती खपवून घेतात. त्यातही पंप कुठला आहे ते बघावं लागतं. लाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा प्लंजर असलेला, दणकट असतो. रोटरी पंपाला आतलं वंगण मिळतं ते त्यातून जाणाऱ्या इंधनाचंच, आणि थंड सकाळी दाट तेल आत गेलं की काही रोटरी पंपांच्या आतले भाग सरळ तुटतात. कॉमन रेल गाडीचा, म्हणजे नव्या पद्धतीच्या, सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त प्रेशरच्या नळीतून इंधन देणाऱ्या गाडीचा, तर विषयच नको. तिथे प्रेशर हजार बारच्या पुढे असतं, नोझलची भोकं केसासारखी असतात, आणि एक सेट इंजेक्टर गेला तर वाचवलेले सगळे पैसे त्यातच जातात.

गाडी योग्य असली तरी तेल गरम करावंच लागतं. म्हणून नीट काम करणारे लोक दोन टाक्या बसवतात, एक डिझेलची छोटी, एक तेलाची मोठी. सुरुवात डिझेलवर, इंजिन तापलं की रेडिएटरच्या गरम पाण्यावर चालणारा हीट एक्स्चेंजर तेलाला ७०-८० अंशांवर नेतो, मग वाल्व्ह फिरवून तेलावर जायचं, आणि बंद करायच्या आधी परत डिझेलवर येऊन पंप आणि नोझल धुऊन काढायचे. हे शेवटचं लोक विसरतात. रात्रभर तेल नोझलमध्ये राहिलं की सकाळी गाडी पकडत नाही, पकडली तरी पांढरा धूर आणि मिसिंग. आणि हेही लक्षात घ्या की ८० अंशांवरसुद्धा तेल डिझेलपेक्षा तीन-चार पट दाट असतं, म्हणजे गरम करणं हा निम्माच उपाय आहे. शिवाय तेलाचा सीटेन नंबर (इंधन किती चटकन पेटतं त्याचं माप) ४० च्या आसपास, म्हणजे ते पेटायलाही उशीर लावतं. दोन टाक्यांमुळे त्रास कमी होतो, संपत नाही. (आणखी एक, तेलाच्या लाइनमध्ये तांब्याची नळी घालू नका, गरम तेलाला तांबं लागलं की ते घट्ट व्हायला लागतं.)

नुकसान कसं होतं ते मी जवळून बघितलंय. ओळखीच्या एकाने गरम-बिरम काही न करता निम्मं डिझेल निम्मं तेल असं जवळपास वर्षभर चालवलं, गाडी मस्त चालत होती, आवाजही कमी झाला म्हणून खूश होता. मग एक दिवस ऑइल प्रेशरचा दिवा लागला. मिस्त्रींनी ड्रेन प्लग काढला आणि खाली ट्रे धरून बसले, काहीच पडेना. बोट घालून बघितलं तर काळ्या खिरीसारखं काहीतरी, तेही ओढल्यावर तार धरणारं. ऑइल चेंबर खाली उतरवला तर तळाला बोटभर जाड चिकट थर, ऑइल पंपाची जाळी पूर्ण बुजलेली. नोझल काढले तर टोकाला कार्बनचे कोंब आलेले, फूल उमलल्यासारखे. मिस्त्री म्हणाले, "साहेब, वरून गाडी तेल पीत होती आणि खाली साठवत होती."

अगदी तेच झालं होतं. अर्धवट फवारलेलं तेल पूर्ण जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, रिंगांना कार्बन धरतो, रिंगा खाचेतच अडकतात, आणि न जळलेलं तेल रिंगांवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं. तिथे उष्णता आणि हवा लागून त्याचे रेणू एकमेकांना जोडले जायला लागतात, जवस तेलाचा थर लाकडावर वाळून कडक होतो ना, तीच क्रिया. म्हणून कुठलं तेल आहे त्यालाही महत्त्व आहे. आयोडीन नंबर जितका जास्त तितकं तेल लवकर चिकटतं, जवसाचा १७० च्या पुढे, सोयाबीनचा १२०-१४०, रेपसीडचा १००-११५ च्या घरात, पामचा ५० च्या आसपास आणि खोबरेलाचा १० च्या आसपास. पण पाम आणि खोबरेल थंडीत गोठतात, खोबरेल तर २४ अंशांच्या खालीच. म्हणजे एकीकडे वाचवलं तर दुसरीकडे सापडतं. तेलावर चालवणाऱ्याने इंजिन ऑइल निम्म्या अंतरावर बदललंच पाहिजे, आणि दर आठवड्याला डिपस्टिक बघायची, लेव्हल वाढत असेल तर आनंद मानू नका, ते इंधन खाली उतरतंय.

बायोडिझेलची दुखणी वेगळी आहेत आणि ती लवकर दिसतात, ही मला त्याची मोठी जमेची बाजू वाटते. दाटपणा जुळत असल्यामुळे फवारा नीट होतो, सीटेन नंबर ५० च्या वर, धूर कमी, पंपाला वंगण डिझेलपेक्षा चांगलं. लिटरमागे ऊर्जा आठेक टक्के कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं पडतं. मुख्य त्रास दोन. एक, ते चांगलं सॉल्व्हंट आहे, जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ ते सोडवतं आणि सगळं फिल्टरमध्ये आणून भरतं, म्हणून पहिल्या काही टाक्यांना स्पेअर फिल्टर गाडीत ठेवायचाच. दोन, जुन्या गाड्यांतलं नैसर्गिक रबर ते खातं. होज फुगतात, मऊ पडतात, मग पाझरायला लागतात, ते काढून व्हिटॉनचे, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे, लावावे लागतात. हे केलं की बाकी गाडीला हात लावायची गरज नाही.

पण मेहनत तेलावर घ्यावी लागते आणि इथे आळस चालत नाही. वापरलेल्या तेलात मोकळी ॲसिड असतात, ती आधी टायट्रेशन करून, म्हणजे कॉस्टिकचं पाणी थेंबाथेंबाने घालून, मोजायची आणि तेवढा कॉस्टिक वाढवायचा, नाहीतर बायोडिझेलऐवजी साबण होतो. तेलात पाणी असलं तरी साबणच. झाल्यावर पाण्याने धुवायचं, मग सुकवायचं. मिथेनॉल हा खरोखर धोकादायक पदार्थ आहे, त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, वाफ आणि कातडी दोन्हीतून अंगात जातं, पोटात गेलं तर डोळे जातात. बंद खोलीत, उघड्या शेगडीवर, मुलंबाळं आसपास असताना हे करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो की करू नका. ज्याला जागा आणि शिस्त दोन्ही नाही त्याने तयार, टेस्ट झालेलंच घ्यावं.

कागदोपत्रीही दोन्ही वेगळी आहेत. बायोडिझेलला युरोपात ईएन १४२१४ आणि अमेरिकेत एएसटीएम डी ६७५१ हे स्टँडर्ड, तर इंधन म्हणून रेपसीड तेलाला जर्मनीचं डीआयएन ५१६०५ असं स्वतंत्र स्टँडर्ड. पंपावर बी ७, बी २० लिहिलेलं असतं ते बायोडिझेलचं टक्क्यांतलं प्रमाण, नुसतं तेल त्यात कधीच नसतं. एचव्हीओ नावाचं तिसरं एक इंधन आहे, तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया करून बनवलेलं, ते बायोडिझेलही नव्हे, पण तो विषय वेगळा.

साठवणीत बायोडिझेल तसं नाजूक, हवेतलं पाणी ओढतं, जुनं झालं की आंबतं, सहा महिन्यांच्या आत संपवलेलं बरं. थंडीत दोन्ही गोठतात, आणि कधी गोठणार हे मूळ तेलावर ठरतं, पामपासून केलेलं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच ढगाळ व्हायला लागतं आणि रेपसीडचं शून्याच्या जवळपासपर्यंत टिकतं.

मग हातात आलेला डबा कशाचा, हे कसं ओळखायचं? मागच्या वर्षी मित्राने एकाकडून "बायोडिझेल" म्हणून दोन डबे घेतले, त्याची गाडी जुनी प्री-चेंबरचीच आहे पण दोन टाक्या-बिक्या काही नाहीत. त्याला म्हटलं थांब, अर्धा तास दे. काचेच्या बाटलीत २७ मिली मिथेनॉल घेतलं, त्यात ३ मिली त्या डब्यातलं, झाकण लावून जोरात हलवलं आणि खिडकीत ठेवलं, दोन्ही साधारण खोलीच्या तापमानाला. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये पूर्ण विरघळतं, तेल विरघळत नाही. चांगला माल असता तर बाटली पाण्यासारखी स्वच्छ राहिली असती. आमची आधी दुधट झाली, मग दहा-पंधरा मिनिटांत तळाला पिवळा थर जमायला लागला, आणि शेवटी खाली बसलेला थर जवळजवळ ३ मिलीच भरला. म्हणजे त्यात प्रक्रिया झालेला थेंबही नव्हता, स्वच्छ गाळलेलं तेल होतं ते.

त्याने त्यातलं दहा लिटर आधीच टाकीत घातलं होतं. टाकी खाली केली, फिल्टर बदलला, डिझेल भरून गाडी तासभर चालवली, इंजिन ऑइलही काढून टाकलं. डबे त्याच्याकडे अजून आहेत, आम्ही त्यांच्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "तेल" लिहून ठेवलंय.