दीड टन म्हणजे किती फेम्टोवॅट?

मे महिन्यात लातूर, परभणी, नांदेडकडे पारा बेचाळीस अंशांपर्यंत चढला, की एसीच्या दुकानांत ‘एक टन घ्यावा की दीड टन’ ही चर्चा सुरू होते. हा टन वजनाचा नसून खोलीतली उष्णता बाहेर काढण्याच्या दराचा, म्हणजेच शक्तीचा आहे. शीतयंत्रे येण्यापूर्वी थंडावा बर्फानेच मिळत असे. त्यामुळे २,००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत पूर्ण वितळताना ज्या दराने उष्णता शोषून घेतो, त्या दराला एक टन म्हणण्याचा प्रघात अमेरिकेत पडला. एक पौंड बर्फ वितळायला १४४ बीटीयू (उष्णता मोजण्याचे ब्रिटिश एकक) उष्णता लागते. त्याला २,००० ने गुणून २४ ने भागले, की ताशी १२,००० बीटीयू हा माहितीपत्रकावरचा ओळखीचा आकडा मिळतो. एक बीटीयू म्हणजे सुमारे १,०५५ ज्यूल आणि तासाचे सेकंद ३,६००, म्हणून ताशी एक बीटीयू म्हणजे ०.२९३ वॅट. या हिशेबाने एक टन सुमारे ३,५१७ वॅट आणि दीड टन सुमारे ५,२७५ वॅट होतो. अर्थात ही बाहेर टाकलेल्या उष्णतेची शक्ती आहे. त्यासाठी एसी जी वीज ओढतो, ती याहून बरीच कमी असते.

आपल्याकडे अधिक घरांत असतो तो कूलर, आणि त्याच्यावर टनाचा आकडा कधीच छापलेला नसतो. तो काढणे मात्र सोपे आहे. कोरड्या उन्हाळ्यात कूलरमधून ताशी पाच लिटर पाण्याची वाफ होत असेल, तर दर किलो पाण्यामागे सुमारे २,४३० किलोज्यूल या हिशेबाने ती वाफ हवेतून जवळजवळ ३,४०० वॅट उष्णता काढून घेते, म्हणजे एक टनाच्या अगदी जवळ. फरक एवढाच, की ती उष्णता घराबाहेर न जाता वाफेच्या रूपाने त्याच हवेत राहते. म्हणून कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी लागते, आणि हवा दमट झाली की त्याचा उपयोग राहत नाही.

उष्णतेच्या एककांचे रूपांतर करताना चूक बहुधा दोन ठिकाणी होते. कॅलरी, बीटीयू आणि ज्यूल ही ऊर्जेची एकके आहेत. त्यांना ‘दर तासाला’ किंवा ‘दर दिवसाला’ जोडल्याखेरीज शक्ती मिळत नाही. दुसरे असे, की आहाराच्या बोलण्यातली कॅलरी ही प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, त्यामुळे तिथे हजारपटीची गफलत होऊ शकते. रोज २,००० किलोकॅलरी खर्च करणारा माणूस सरासरी ९७ वॅट उष्णता देतो, तर ताशी एक किलोकॅलरी म्हणजे १.१६ वॅट. या दोन खाचा सांभाळल्या, की प्रत्येक आकडा आधी वॅटमध्ये आणावा आणि मगच पुढे जावे, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते.

वॅटच्या खाली मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो आणि अॅटो ही पायरी-पायरीने हजारपटीने लहान होत जाणारी एकके आहेत. एक फेम्टोवॅट म्हणजे वॅटच्या १० चा उणे १५ वा घात. त्यामुळे दीड टन म्हणजे सुमारे ५.२७५ गुणिले १० चा १८ वा घात इतके फेम्टोवॅट. दशांशाच्या पुढे यापेक्षा अधिक अंक लिहिण्यात अर्थ नाही, कारण एसीची मूळ क्षमताच तितक्या काटेकोरपणे मोजलेली नसते.

इतकी सूक्ष्म शक्ती आपल्या खिशातल्या फोनमध्ये रोज मोजली जाते. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद ‘डीबीएम’मध्ये दिसते, शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट, आणि दर दहाने खाली गेले की शक्ती दहावा भाग उरते. उणे ९० म्हणजे एक पिकोवॅट, आणि टॉवरपासून दूरच्या एखाद्या वाडी-तांड्यावर दिसणारे उणे ११० म्हणजे दहा फेम्टोवॅट. एवढ्या शक्तीने एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायचे म्हटले, तर सुमारे सव्वा कोटीहून अधिक वर्षे लागतील. तरीही फोन त्यातून आवाज उलगडतो.

याहून किती खाली जाता येईल, हे शेवटी उष्णताच ठरवते. वाहकातले इलेक्ट्रॉन तापमानामुळे सतत हलत असतात आणि त्या हालचालीतून विद्युत गोंगाट निर्माण होतो. बेल प्रयोगशाळेत जॉन्सन यांनी तो मोजला आणि नायक्विस्ट यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले; दोघांचेही निबंध १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. कंप्रतेच्या पट्ट्यातल्या दर हर्ट्झमागे ही शक्ती बोल्ट्झमन स्थिरांक (तापमानाला ऊर्जेशी जोडणारा ठरावीक आकडा) गुणिले निरपेक्ष तापमान इतकी असते. ४२ अंश सेल्सियसला, म्हणजे ३१५ केल्व्हिनला, ती सुमारे ४.३५ गुणिले १० चा उणे २१ वा घात वॅट भरते. हिवाळ्यात पहाटे १२ अंशांवर तीच साधारण दहा टक्के कमी असते. ४जी फोन दाखवतो तो आकडा १५ किलोहर्ट्झ रुंदीच्या एका उपवाहकाचा, म्हणजे सिग्नलच्या एका अरुंद पट्ट्याचा असतो, आणि तेवढ्या पट्ट्यात उन्हाळ्यातला गोंगाट ०.०६५ फेम्टोवॅट होतो. म्हणजे दहा फेम्टोवॅटचा सिग्नल त्याच्या दीडशेपट आहे.

या पातळीवर तापमान आणि सूक्ष्म शक्ती यांची एकके एकच होऊन जातात. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आपल्या अभिग्राहकात (रिसीव्हरमध्ये) आलेली शक्ती सरळ केल्व्हिनमध्येच सांगतात, आणि ती वॅटमध्ये हवी असेल तर पट्ट्याच्या रुंदीने व बोल्ट्झमन स्थिरांकाने गुणतात: एक मेगाहर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात एक केल्व्हिन म्हणजे १३.८ अॅटोवॅट.