गंभीर स्वादुपिंडदाह : स्कॅनवर दिसणारी वाटचाल

जठराच्या मागे आडव्या असलेल्या स्वादुपिंडाचे पाचकरस त्यालाच आणि भोवतालच्या चरबीला जाळू लागतात, तेव्हा हा आजार होतो. पित्ताशयातील खडे आणि दारू ही त्याची मुख्य कारणे. विदर्भातल्या कपाशीच्या पट्ट्यात आणखी एक कारण लक्षात ठेवावे लागते : सेंद्रिय फॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेतही स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

निदान बहुधा पाठीत जाणारी कळ आणि रक्तात नेहमीच्या तिपटीहून वाढलेले लायपेज (स्वादुपिंडाचे एक पाचक विकर) यांवरच होते. तालुक्याच्या ठिकाणची सोनोग्राफी खडे दाखवते. मात्र फुगलेल्या आतड्यातील हवेआड स्वादुपिंड झाकले जाते. म्हणून ‘सोनोग्राफी नॉर्मल’ या शब्दांवर निर्धास्त राहू नये.

आजार कुठवर गेला, हे कळते ते शिरेतून औषध देऊन काढलेल्या सीटी स्कॅनवर. रक्तपुरवठा असलेला भाग उजळतो, मेलेला काळसरच राहतो. पहिल्या दोन दिवसांत मात्र हा फरक नीट उमटत नाही आणि स्कॅन खोटा दिलासा देतो. निदानच संशयास्पद नसेल, तर दुखणे सुरू झाल्यापासून 72 ते 96 तासांनी काढलेला स्कॅन खरा उपयोगाचा. सीटीवरून आजाराची तीव्रता गुणांत मोजणाऱ्या बाल्थाझार यांच्या 1990 च्या निर्देशांकात 10 पैकी 6 गुण मृत भागाला आहेत.

चार आठवड्यांच्या आत साचलेल्या द्रवाला भिंत नसते. नंतर ती तयार होते. निचरा किंवा शस्त्रक्रिया शक्यतो तोवर लांबवतात. साचलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले, ताप चढला, तर जंतुसंसर्ग धरून चालावे. आत घट्ट कुजका भाग किती, हे एमआरआय अधिक नीट सांगते.

इथे सगळा हिशेब दिवसांचा आहे, आणि तोच खेड्यातून येताना हरवतो. धारणीचा रुग्ण अमरावतीला, भामरागडचा गडचिरोलीला, पुढे नागपूरला पोहोचेपर्यंत चिठ्ठीवर भरतीची तारीख उरते, दुखण्याची नाही. नातेवाइकांना विचारले, की ‘बाजाराच्या दिवशी, जेवल्यावर’ असे नेमके उत्तर मिळते. तेच चिठ्ठीवर लिहावे. आधीच्या स्कॅनची फिल्म किंवा सीडीही रुग्णासोबत द्यावी. नुसत्या रिपोर्टच्या कागदावरून दोन चित्रांची तुलना होत नाही.